आता कुठं हायस?

मॉनिटरच्या डाव्या अर्ध्यावर मॅडमचा पंजा पडायचा. तेव्हाचे ते जाड काचेचे, मागं पोट सुटलेले मॉनिटर. हात टेकला की काच चुरचुरायची आणि पाच बोटांचा ठसा राहायचा. डावीकडची नावांची लांबलचक यादी हाताखाली गेली की मॅडम विचारायच्या, "हां. आता कुठं हायस?"

आपण उरलेल्या पानाकडं बघायचं. तिथं एका फंक्शनचं, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेका कामाच्या तुकड्याचं, नाव, त्याच्यापुढं कंस, खाली एक ओळ. हे पान कशाचं, ह्याच्या आधी काय, ह्याच्यानंतर कुठं जायचं, कशाचा पत्ता नाही.

"न्हाय कळत, मॅडम."

"तुला कळंना, मग वाचणाऱ्याला काय सपान पडणार हाय?"

हात निघायचा, ठसा तसाच. आमच्या ऑफिसातले सगळे मॉनिटर डाव्या बाजूनं मळलेले असत. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, जे खोलीत नसलं तरी वस्तूंवरून ओळखू येतं. मॅडम त्यातल्या.

कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. दोन खोल्या, एक गॅलरी आणि लोडशेडिंगच्या वेळी कण्हणारा एक इन्व्हर्टर. काम वजनकाट्याचं. साखर कारखान्याच्या दारात उसाचा ट्रक येतो, जमिनीत बसवलेल्या मोठ्या काट्यावर उभा राहतो. आधी भरलेल्या ट्रकचं वजन, मग रिकाम्याचं, मग पावती. हे सगळं कॉम्प्युटरवर घेणारा प्रोग्राम आम्ही करायचो. पुढं साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, वेगळी शक्कल काढली. अख्खा प्रोग्राम विकण्यापेक्षा त्यातले सुटे भाग विकायचे. दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रामरनं ते घ्यावेत आणि आपल्या प्रोग्राममध्ये बसवावेत.

मी आजऱ्याकडची. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला, वडील मिळेल त्या रोजगाराला. आमच्या बौद्ध वस्तीत पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी आजही मान वर करूनच सांगते. मॅडमना माणसाला गावाच्या नावानं हाक मारायची सवय. मी 'आजरा', माझ्या शेजारच्या टेबलावरचा तो 'कागल'. "आजरा, हिकडं ये. कागल, तू बस गप." नवख्या माणसाला वाटायचं, स्टँडवर गाड्या लागल्यात.

मॅडम शिवाजी पेठेतल्या. माहेरही पेठेत, सासरही पेठेत. भाऊ फुटबॉल खेळणारे, दीर फुटबॉल खेळणारे, त्यामुळं आवाज लहानपणापासून मैदानाच्या मापाचा. गणितात एम.एस्सी. झालेल्या होत्या आणि ते लपवून ठेवण्याचं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. कोल्हापुरात बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. मॅडम ते म्हणायच्या तेव्हा समोरचा सावरून बसायचा. "ह्या काट्याचं सगळं माझ्या डोस्क्यात हाय. कुणालाबी फोन करू दे, मी सांगतो की."

आणि फोन यायचे. हुबळीहून, सांगलीहून, कुठून कुठून. कुणाचं वजन येत नाही, कुणाची पावती छापत नाही. मॅडम उभ्या राहून, रिसीव्हर खांद्यात दाबून, दोन्ही हात हलवत सांगायच्या. खालच्या डॉक्टरांनी एकदा कंपाउंडरबरोबर निरोप धाडला: मी पेशंटच्या छातीला नळी लावली की मला ट्रकचं वजन ऐकू येतं.

मॅडम गॅलरीतून खाली वाकल्या. "डॉक्टर, वजन बरोबर ऐकू येतंय नव्हं? मग झालं की."

सुट्या भागांबरोबर माहितीची पानं द्यावी लागायची. ती कुणी बसून लिहीत नसे. एक तयार प्रोग्राम होता, तो आमचा कोड वाचायचा. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर प्रोग्रामरनं स्वतःसाठी दोन ओळींची टीप लिहिलेली असते. ती उचलायचा आणि आपोआप पानं पाडायचा. बटण दाबलं की ढीगभर पानं, आणि वर ए पासून झेडपर्यंत अक्षरांची पट्टी. साहेबांना त्याचं भारी कौतुक. गिऱ्हाइकाच्या हातात सीडी ठेवताना म्हणायचे, "प्रिंट काढू नका बरं का, कागद पुरायचा न्हाय."

त्या पट्टीची एक गंमत होती. ए दाबलं, काही नाही. बी दाबलं, काही नाही. के दाबलं की सगळंच्या सगळं धाडकन अंगावर. कारण कंपनी काढली तेव्हाच साहेबांनी नियम घातला होता, आपल्या प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी 'केओपी' लागलं पाहिजे. केओपी म्हणजे कोल्हापूर. कुठल्याही परमुलखातल्या प्रोग्राममध्ये आपलं गाव उठून दिसायला हवं. गाव उठून दिसलं आणि बाकीचं सगळं एका अक्षराखाली गाडलं गेलं. असला नियम दुसऱ्या कुठल्या गावात कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं, कारण पानं कुणी वाचतच नव्हतं. अडलं की मॅडमना फोन.

मग चेन्नईची कंपनी आली. देशभर काटे बसवणारी, मोठी. त्यांना आमचे सुटे भाग पसंत होते, पण त्यांनी अट घातली. त्यांचे दोन इंजिनियर आमची सीडी घेऊन एक दिवस बसतील आणि फक्त पानं वाचून काट्याचा एक छोटा प्रोग्राम उभा करतील. जमला तर करार. आम्हाला फोन करून विचारायची वेळ आली तर करार नाही.

साहेबांनी आम्हाला समोर बसवून सरळ सांगितलं. धंदा ओढाताणीचा झालाय. हा करार झाला तर ऑफिस राजारामपुरीत राहील. नाही झाला तर पुण्याच्या एका कंपनीला सगळं देऊन टाकायचं बोलणं झालंय. ज्याला जमेल त्यानं पुण्याला जावं.

मला कोल्हापुरात ठेवायलाच आईनं चार घरांशी वाद घातला होता. पुण्याचं नाव काढलं असतं तर सामान बांधून आजऱ्याला परत, हे मला दिसत होतं. मॅडमच्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. त्या एवढंच म्हणाल्या, "मी काय पुण्याला जाणार न्हाय. तितं आमटीत गूळ घालतात." पण ते वाक्य खाली दवाखान्यापर्यंत गेलं नसावं, इतक्या हळू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आयुष्यात पहिल्यांदा आमची पानं उघडली. स्वतःलाच एक काम दिलं: ह्यात बघून ट्रकचं वजन घेऊन दाखवायचं. बराच वेळ माऊसची टकटक चालली होती. मग थांबली.

"आजरा, हे मीच केलेलं हाय आन् मलाच गावंना. सोताच्या पेठेत पावणं झालो की गं मी."

मला वाटलं आता भडका उडणार. पण त्यांना हसू फुटलं. डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि मग एकदम मला विचारलं, "तुझ्या घरात शिकलेलं कोण हाय?"

"कुणी न्हाय."

"मग कॉलेजात आलीस तवा विचारायला कोण हुतं?"

"कुणी न्हाय, मॅडम."

आणि मी त्यांना सांगितलं. फी कुठल्या खिडकीवर, बोनाफाईड म्हणजे काय, ते कशाला लागतं, जर्नल कुणाकडून तपासून घ्यायचं. बाकीच्या पोरापोरींचे मामा, काका, भाऊ त्याच कॉलेजातून गेलेले. त्यांना घरी बसून कळायचं. मी नोटीस बोर्डापुढं उभी राहून पहिल्या नोटिशीपासून शेवटच्या नोटिशीपर्यंत सगळं वाचायचे, कारण ह्यातली तुझ्यासाठी कुठली हे सांगणारं माझं कुणी नव्हतं.

मॅडमनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे त्यांच्या मानानं फार झालं.

"मग हे काम तुझं," त्या म्हणाल्या. "कागलला सगळं ठावं हाय, त्याचा काय उपेग न्हाय. ज्याला विचारायला कुणी न्हाय त्याच्यासाठी लिवायचंय. मी लिवतो, तू वाच. जितं अडशील तितं 'समजलं न्हाय' म्हण. लाजायचं न्हाय."

त्या दिवसापासून 'समजलं नाही' म्हणणं ही माझी नोकरी झाली. सांगते, ह्याहून चांगली नोकरी मी पुढं केली नाही.

पहिला आठवडा मॅडमनी पानं हातानं सुधारली. एकेक पान उघडायचं, वर नीट शीर्षक घालायचं, खाली पुढच्या पानाची वाट ठेवायची. शनिवारी कागलनं कोडमधली एक बारीक चूक काढली आणि नेहमीच्या सवयीनं बटण दाबलं. यंत्रानं सगळी पानं नव्यानं पाडली. आठवड्याचं काम पुसलं गेलं. कागल टेबलापाशी उभा राहिला होता, शिक्षा भोगायला उठल्यासारखा.

"मॅडम, माझ्या ध्यानातच..."

"बस खाली." मॅडम स्क्रीनकडं बघत होत्या. "तुझं काय चुकलं न्हाय. मशिनीला काय ठावं मी पानावर लिवलंय म्हणून? ते कोड वाचतंय. मग आपुन कोडातच लिवायचं. मुळात घातलं की ते कितीबी बटणं दाबू दे."

आणि सोमवारी पहिल्यापासून सुरुवात केली.

आधी अक्षरांची पट्टी. त्या यंत्राची स्वतःची एक सेटिंगची फाईल होती, लांबच लांब, कुणीच न वाचलेली. मॅडमनी ती ओळ न ओळ वाचली आणि त्यात सापडलं की नावाच्या सुरुवातीचा ठरावीक भाग यादी लावताना सोडून देता येतो. केओपी सोडलं. बटण दाबलं. के रिकामं झालं आणि ए, बी, सी, सगळी अक्षरं भरली. आम्ही टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र जरा हिरमुसले.

"मॅडम, कोल्हापूर गेलं की वो."

"जातंय कुठं? नावात हाय तितंच हाय. दारात आडवं पडलं हुतं, ते जरा बाजूला सरकवलं."

मग मांडणी. नुसती अक्षरांवर नाही, ट्रक ज्या क्रमानं येतो त्या क्रमानं. काटा जोडणे, भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती, आणि सगळ्यात शेवटी एक भाग: चुकलं तर. प्रत्येक पानाच्या माथ्यावर आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते, आधीचं पान कुठलं, पुढचं कुठलं. पहिल्या ओळीत हे फंक्शन काय करतं ते साध्या इंग्रजीत. त्याखाली लगेच एक चालणारं उदाहरण, उचलून चिकटवता येईल असं. बाकीचा सगळा तपशील खाली. ज्याला हवा तो खाली जाईल. पंजा काचेवर पडायचा, "आता कुठं हायस?" आणि मी म्हणायचे, "रिकाम्या वजनात, मॅडम." "आन् तितनं कुठं जाशील?" "पावतीला." त्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

सगळ्यात मोठं भांडण टिपांवरून झालं. आमच्या लोकांनी कोडमध्ये टिपा इंग्रजी अक्षरांत पण मराठीत लिहिल्या होत्या. आपल्या चौघांशिवाय हे कोण बघणार, ह्या भरवशावर. यंत्रानं त्या इमानेइतबारे पानांवर छापल्या होत्या आणि त्या पानांच्या सीड्या गावोगाव गेल्या होत्या. एका पानावर: हे तात्पुरतं हाय. दुसऱ्यावर: हात लावू नये, चालतंय. तिसऱ्यावर: हे का चालतंय ठावं न्हाय. हुबळीच्या प्रोग्रामरनं मागं एकदा फोनवर अदबीनं विचारलंही होतं, "मॅडम, हा तात्पुरतं म्हणजे कुठला डेटा टाइप?"

कागल म्हणाला, "सगळ्या उडवू. चेन्नईत अब्रू जाईल." त्यातल्या बऱ्याच त्यानंच लिहिलेल्या होत्या. साहेबही म्हणाले, "व्हय, स्वच्छ करून टाका."

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि एक पान वाचून दाखवलं. "'वीज गेल्यावर पयलं वजन जुनंच येतं. दोनदा घ्यावं.' हे कुणाचं?"

"माझं," कागल म्हणाला.

"कुठं लिवलंस?"

"कारखान्यावर. ट्रकांची रांग लागलीती, लाईट गेली, आली, आन् दोन ट्रकांचं वजन एकच आलं. शेतकरी माझ्या अंगावर आलता."

"बगा साहेब. हे कुठल्या पुस्तकात घावंल? ह्या टिपा उभ्या उभ्या, शिव्या खात लिवलेल्या हायत. मराठी बदलू, पण गोष्ट काढायची न्हाय."

मग एकेक टीप घेऊन ज्यानं लिहिली त्याची चौकशी. "हे तात्पुरतं कधीचं रे?" "कंपनी राजारामपुरीत आली तवाचं." "मग ते आता कायमचं म्हणायचं. पुढं चल." 'का चालतंय ठावं न्हाय' असं जिथं होतं तिथं ते का चालतं हे शोधूनच काढायला लावलं. शोधताना दोन ठिकाणी ते चालतच नव्हतं असं निघालं. जे जे अनुभवाचं होतं ते साध्या इंग्रजीत, चौकटीत, त्या त्या फंक्शनच्या पानावरच बसवलं. लांब कुठल्या तरी शेवटच्या पानावर नाही.

पानं चेन्नईला धाडण्याआधी मॅडम म्हणाल्या, परका माणूस बसवून बघू. पलीकडच्या गल्लीत मुजावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सर सज्जन, बोलणं कमी, काट्याशी त्यांचा कधी संबंध आलेला नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, काम दिलं, आणि मॅडम मागं उभ्या राहिल्या. सरांनी माऊस धरला न धरला तोच, "डावीकडं, डावीकडं. अवो, खाली बगा की."

मी म्हटलं, "मॅडम, चेन्नईला तुम्ही त्यांच्या मागं उभं राहायला जाणार हाय का?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग शिपायाला पैसे देऊन लिमलेटच्या गोळ्यांची पुडी मागवली. एक गोळी तोंडात टाकली आणि हात पाठीमागं बांधले. गोळी तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही, असा नियम स्वतःला घातला. गोळी संपत आली की दुसरी.

मुजावर सर वाचत गेले. काटा जोडला. मग अडले. वजन घेण्याची दोन फंक्शनं, नावं सख्ख्या भावांसारखी. एका पानावर गेले, दुसऱ्यावर गेले, परत पहिल्यावर. मॅडमचा गाल आतून गोळीनं फुगलेला, डोळे बाहेर आलेले, पण शब्द नाही. शेवटी सर वळून म्हणाले, "बहनजी, दोन्ही एकच दिसतंय. मग दोन कशाला?"

मॅडमनी गोळी कडाकडा फोडली. "न्हाय की वो. ट्रक काट्यावर चढला की हलत असतंय. एक हलतानाचं वजन देतंय, एक थांबल्यावरचं."

"हां. मग ते हितं लिहा की," सर म्हणाले.

एवढंच. पण त्या एका वाक्यानं आम्ही सगळी पानं पुन्हा धुंडाळली. जिथं जिथं दोन सारखी दिसणारी फंक्शनं होती, तिथं दोन्ही पानांवर एकमेकांचं नाव घातलं आणि कुठलं कधी वापरायचं ते एका ओळीत. पुढच्या खेपेला सरांनी कुणाला काही न विचारता वजन घेतलं, पावती काढली आणि चहा मागितला.

चेन्नईचा दिवस उजाडला. मॅडमनी आदल्या दिवशीच सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, उद्या कुणी फोन करायचा नाही, हुबळीला तर सक्त ताकीद. फोन मधल्या टेबलावर ठेवला. साहेब गॅलरीत आतबाहेर करत होते. कागल रिसीव्हर नीट बसलाय का ते सारखा बघत होता. मॅडम फोनसमोर खुर्ची टाकून बसल्या, तोंडात गोळी, मांडीवर पुडी.

इतकी शांतता त्या ऑफिसात मी कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरच्या रिक्षा, खालच्या दवाखान्यातलं लहान मुलाचं रडणं, सगळं वर येत होतं. आज पहिल्यांदा खालचं वर येत होतं.

दुपारी फोन वाजला.

कुणी हलेना. साहेब गॅलरीच्या दारात थिजले. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. तोंडात गोळी, बोलायचं नाही. मी रिसीव्हर उचलला.

"मी खालून बोलतोय," डॉक्टर म्हणाले. "वर सगळं ठीक आहे ना? सकाळपासून मॅडमचा आवाज नाही. म्हटलं बघावं, काही लागलं तर."

डॉक्टर काय म्हणाले ते मी सांगितल्यावर मॅडमना ठसका लागला. पाठीवर थापा मारून पाणी पाजावं लागलं. तरीही त्या बोलल्या नाहीत.

फोन पुन्हा वाजला तो दिवस कलल्यावर. ह्या वेळी साहेबांनी घेतला. इंग्रजीत हो, हो म्हणत राहिले. मग हाताचा पंजा आमच्याकडं करून थांबा म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. फोन बाजूला धरून आम्हाला सांगितलं, "झालं म्हणतायत. केव्हाच झालं म्हणतायत. उरलेल्या वेळात त्यांनी मुद्दाम वीज काढून बघितली. वजन जुनं आलं. त्यांना वाटलं, पकडलं आपल्याला. आन् त्याच पानावर चौकट, दोनदा घ्या म्हणून." साहेबांनी फोन परत कानाला लावून ऐकलं. "विचारतायत, ही चौकट लिहिणारा माणूस कोण, त्यानं काट्याजवळ उभं राहून दिवस काढलेले दिसतात."

मॅडमनी रिसीव्हर घेतला. गोळी अजून तोंडातच होती. "सर, दॅट इज अवर कागल," एवढंच म्हणाल्या आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला. त्याला इंग्रजीत काही सुचेना. तो नुसता थँक यू, थँक यू म्हणत राहिला.

मग मात्र मॅडम सुटल्या. दिवसभराचं साठलेलं सगळं बाहेर आलं. जिन्यावरून बोलतच खाली उतरल्या, पेढे आणले, दवाखान्यात बसलेल्या झाडून सगळ्या पेशंटना वाटले. साखरेचा आजार असलेल्या एका आजोबांनाही दिला. डॉक्टरांनी तेवढ्यापुरतं तोंड भिंतीकडं केलं. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून आजऱ्याला, आमच्या वस्तीजवळच्या दुकानात फोन लावला आणि निरोप ठेवला, आईला सांगा, मी कोल्हापुरातच हाय. पुण्याचं रद्द.

ऑफिस राजारामपुरीतच राहिलं. पुढं दोनाच्या चार खोल्या झाल्या. तुम्हाला वाटेल चार खोल्यांचं काय एवढं, पण त्यातल्या एका खोलीत गडहिंग्लज, राधानगरी आणि हातकणंगले अशा तीन नव्या पोरी बसायला लागल्या, आणि त्यांतल्या कुणालाच पुण्याचं तिकीट काढावं लागलं नाही.

काही वर्षांनी मॅडमनी नोकरी सोडली. सासरे तोवर गेले होते. एका पॉलिटेक्निकात शिकवायला बोलावलं होतं, तिकडं गेल्या. साहेब हवालदिल झाले. एवढी गिऱ्हाइकं, सगळी मॅडमच्या नावावर जोडलेली. आता रोज उठून कोण काय विचारेल, आणि आपण काय सांगणार. आम्ही फोनजवळ पाळ्या लावल्या. आठवडा गेला, महिना गेला. फोन आले ते नव्या काट्यांच्या मागणीचे आले. अडलंय म्हणून आले नाहीत. चेन्नईत तर मधल्या काळात सगळी माणसं बदलली होती. नव्या पोरांनी पानं वाचली आणि कामाला लागली.

एका रविवारी मी शिवाजी पेठेत त्यांच्या घरी गेले. दारात बसून मेथी निवडत होत्या. मला बघून सरकून जागा केली, अर्धी जुडी माझ्यापुढं टाकली आणि ऑफिसचं विचारायला लागल्या. कोण काय करतंय, साहेबांची तब्येत कशी. मग पानं खुडता खुडता, माझ्याकडं न बघता: "अडचण हुती का काय माझ्यावाचून? खरं सांग."

मला खोटं बोलता येत नाही, आणि त्यांच्यापुढं तर नाहीच. "खरं सांगू? तुम्ही गेलाय ते गिऱ्हाइकांना कळलंच न्हाय, मॅडम."

बोलून गेले आणि जीभ चावली. आयुष्यातली इतकी वर्षं त्या ऑफिसात घातलेल्या माणसाला असं कुणी सांगतं का?

मॅडमचे हात थांबले. "कुणालाच न्हाय?"

"कुणालाच न्हाय."

"चेन्नईला?"

"न्हाय."

"हुबळीवाल्याला? त्यो तर दात घासायच्या आधी मला फोन करायचा."

"त्याचाबी आला न्हाय. ऑर्डर मात्र आली."

त्यांनी मेथीची परडी बाजूला ठेवली. पदराला हात पुसले. चेहरा कानापासून कानापर्यंत उघडत गेला. आतल्या खोलीकडं तोंड करून म्हणाल्या, "अवो, ऐकलासा का? कुणालाच कळलं न्हाय म्हणं, मी गेलेलं." आतून मिस्टरांनी काहीतरी हुंकार दिला, तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. त्या उठल्या. समोरच्या दारात एक म्हाताऱ्या काकी उन्हाला बसल्या होत्या.

"काकी, ही आमच्या ऑफिसातली पोरगी. आजऱ्याची. ऐका ती काय म्हणतीया." आणि माझ्या दंडाला धरून मला उंबऱ्यावर उभं केलं. "सांग. मोठ्यांदा सांग, त्यास्नी कमी ऐकू येतं."

मी गल्लीत बघत, जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात सांगितलं. मॅडम गेल्या आणि कुणाला कळलंच नाही.

काकी बिचाऱ्या माझ्याकडं बघत राहिल्या, ह्यात एवढा आनंद कशाचा म्हणून. मॅडम कंबरेवर हात ठेवून गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होत्या, अजून कुणाला सांगायचं राहिलंय ते.